आडनाव तेवढं मोकाशी

...नाही, चूक माझी होती हे मला मान्य आहे, हवं तर लेखी देतो, पण मला सांगा, तुम्ही कार्यालय घेता, आचाऱ्याला सव्वाशे पानांचा स्वयंपाक सांगता, आणि रविवारी सकाळी नऊ वाजता हॉलमध्ये माणसं किती? तीन! मी, आमची शालू आणि आमचे तात्या! आणि अकरा वाजता? शंभर! आणि त्या शंभरांत आमच्या ओळखीचं एक माणूस नाही! अहो, एक नाही! नातं? काही नाही! आडनाव तेवढं मोकाशी!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो.

मी श्याम मोकाशी, राहणार सदाशिव पेठ. सरकारी नोकरीत उभी हयात आवक-जावक विभागात गेली. हसू नका! ज्या कागदावर जावक क्रमांक नाही तो कागद मी कागदच मानत नाही, शालूला माहेरी लिहिलेल्या पत्रांवरसुद्धा क्रमांक असायचे. आणि आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, निवृत्त मुख्याध्यापक, तेव्हा वय वर्षं शहाऐंशी. आता पुण्यात माणूस निवृत्त झाला की काय करतो? एक तर पहाटे पर्वती चढतो, नाहीतर पेपरांना पत्रं लिहितो, नाहीतर कुलवृत्तान्त लिहितो. तात्यांनी कुलवृत्तान्त धरला. बावीस वर्षं! मूळ पुरुषापासून कोण कोणाचा मुलगा, कोण कुठं गेला, कोणाला संस्कृतात किती मार्क पडले... चारशे पानं, सगळी हातानं, खाडाखोड नाही. मी त्याला पुठ्ठा घातला, पानांना क्रमांक घातले. शालू म्हणाली, "वाचलंत का एकदा तरी?" म्हटलं, वाचायचं काय त्यात, आपलंच तर आहे!

तर दोन हजार दोन सालची गोष्ट. तात्यांना काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत दिसेल तेवढं दिसेल. घरी येताना तात्या जिन्यात थांबले आणि म्हणाले, "श्याम, एकदा सगळे मोकाशी एका छताखाली बघायचेत. डोळे आहेत तोवर." अहो, ज्या माणसानं जन्मात कधी दुसरा कप चहा मागितला नाही, तो माणूस हे मागतो! मी सरळ वर गेलो आणि टेलिफोन डिरेक्टरी काढली.

आता चूक इथं झाली. तेव्हाची डिरेक्टरी आठवते ना तुम्हाला? आधी आडनाव, पुढं नुसती आद्याक्षरं. मोकाशी एस. ए., मोकाशी एम. जी.... त्रेसष्ट मोकाशी! मी म्हटलं, पुण्यात मोकाशी म्हणजे आपलेच, दुसरे कोण असणार? कधीतरी पांगले असतील, आता गोळा करू. त्रेसष्ट पत्रं, त्रेसष्ट जावक क्रमांक, सोबत फॉर्म. नाव, गोत्र, कुलदैवत, घराण्यातील उल्लेखनीय व्यक्ती. आणि खाली सूचना! पुण्यातलं निमंत्रण आणि सूचना नाहीत? सूचना क्रमांक एक, वेळेवर यावे. सूचना क्रमांक दोन, फक्त मोकाशींनीच यावे. सूचना क्रमांक तीन, उत्तर पाठवू नये, फॉर्म भरून समक्ष आणावा. म्हणजे बघा, कोण येणार हे आधी कळण्याची सोय मीच मोठ्या अक्कलहुशारीनं बंद करून टाकली!

बरं, आमचे स्वतःचे होते की हो! थोरली पाती, म्हणजे मूळ पुरुषाच्या थोरल्या मुलाचा वंश, कोथरुडात चांगली चाळीस माणसं. धाकटी पाती म्हणजे आम्ही तिघं. पण पत्रिकेवर निमंत्रक म्हणून मी तात्यांचं नाव पहिल्या ओळीत घातलं आणि थोरल्या पातीचं दुसऱ्या. शनिवारी संध्याकाळी चुलतभाऊ दिगंबरचा फोन. "श्याम, थोरली पाती दुसऱ्या ओळीत का?" म्हटलं, अरे, तात्या वयानं मोठे. "पातीनं कोण मोठं?" म्हटलं, तुम्ही. "मग उद्या आम्ही येत नाही. श्रीखंड चांगलं होवो." ठेवला फोन! आवाज चढवणं नाही, भांडण नाही. चाळीस माणसं एका ओळीत गारद!

तात्यांना सांगायचं कुणी? मी नाही सांगितलं. माझा धीरच झाला नाही.

रविवार उजाडला. तात्या इस्त्रीचा कोट, काळी टोपी, मांडीवर चारशे पानं, पहिल्या खुर्चीत बसलेले. आणि मागं सव्वाशे खुर्च्या रिकाम्या. बरं, खुर्च्या कुणाच्या? मोकाशी मंडप डेकोरेटर्स! डिरेक्टरीत सापडले, म्हटलं घरचाच माणूस, वेळेवर खुर्च्या देईल. प्रत्येक लोखंडी खुर्चीच्या पाठीवर लाल रंगात, मोकाशी, मोकाशी, मोकाशी... सव्वाशे वेळा! माणूस एक नाही, पण खुर्च्यांचं संमेलन फुल्ल! आणि तात्या दर पाच मिनिटांनी, "श्याम, किती झाले?" मी म्हणतोय, "येताहेत तात्या, येताहेत..."

सव्वादहाला दारात एक गृहस्थ. पांढरा झब्बा, मेंदी लावलेली दाढी, सोबत पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडं, हातात माझं पत्र, नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं. "आदाब साहेब. मी शमशुद्दीन मोकाशी. मोकाशी रेडिएटर वर्क्स, नाना पेठ. ह्या आमच्या अख्तरबानू. उशीर नाही ना झाला? सूचना नंबर एक वाचली होती." मी गार! मोकाशी एस. ए.! आता हे आमचे कोण? नातं? काही नाही! आडनाव तेवढं मोकाशी! मी तोंड उघडलं, म्हटलं, अहो, जरा गैरसमज... तेवढ्यात ते म्हणाले, "साहेब, पन्नास वर्षं ह्या शहरात गाड्या दुरुस्त करतो. लोक बोलावतात, नाही असं नाही, गाडी बंद पडली की बोलावतात. सहकुटुंब या, असं पत्र पहिल्यांदा आलं. बानूनं रात्रीच कपडे काढून ठेवले होते." मी म्हटलं, "या, बसा, खुर्च्या आपल्याच आहेत."

"श्याम, किती झाले?" "अकरा, तात्या!"

आणि मग बाहेर हॉर्न. टेम्पो! लोणी काळभोरहून! त्यातून उतरतात तीस-पस्तीस माणसं, फेटे, नऊवारी, पोरंबाळं, उसाच्या दोन मोळ्या! पुढं धिप्पाड गडी, "रामराम! म्या सर्जेराव मोकाशी! आवं, तुमी पत्रात लिवलंय मोकाशींनीच यावं, मंग आमी भावकीत इचारलं, कोन कोन मोकाशी हाय? तर समदेच मोकाशी!" आणि मागून त्यांच्या आई, तुळजाबाई, वय ऐंशीच्या घरात, काठी नाही, चश्मा नाही, सरळ माझ्यापुढं. "तूच व्हय रं पत्र धाडनारा? गोत्रबित्र आमास्नी ठावं न्हाय. तुजी न्हारी झाली का?" अहो, सकाळपासून त्या हॉलमध्ये मला हे कोणी विचारलं नव्हतं! मी म्हटलं, नाही. त्यांनी पदराच्या गाठोड्यातून धपाटं काढून माझ्या हातात दिलं. हातात धपाटं, काखेत जावक रजिस्टर, आणि समोर हे पस्तीस जण. नातं? काही नाही! आडनाव तेवढं मोकाशी!

मग काय, रीघच! टायपिंग क्लासवाले मोकाशी, गुऱ्हाळवाले मोकाशी, एक ख्रिस्ती मोकाशीबाई, नर्स, रात्रपाळी करून तशाच आलेल्या! खुर्च्या मोजायला म्हणून मंडपवाले मच्छिंद्र मोकाशी आले ते आपल्याच खुर्चीत बसले! आणि काय सांगू तुम्हाला, आमच्या लग्नाकार्यात लोक कसे बसतात? दोन खुर्च्या सोडून! आणि इथं? अख्तरबानूंच्या मांडीवर लोणीचं पोर, तुळजाबाई नर्सबाईंचे सुजलेले पाय बघताहेत, शमशुद्दीनभाई बंद पडलेल्या माईकमध्ये डोकं घालून, "दोन मिनिटं साहेब, सोल्डर सुटलंय..."

मी शालूला कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, शालू, घोटाळा झाला, हे आपले नाहीत, मी माईकवरून जाहीर करतो. तिनं वाटीत श्रीखंड वाढता वाढता विचारलं, "सूचना क्रमांक दोन काय होती?" म्हटलं, फक्त मोकाशींनीच यावे. "मग ह्यांच्यात मोकाशी नाही असा एक दाखवा, आणि खुशाल जाहीर करा."

तेवढ्यात माईक सुरू झाला आणि तात्या उभे राहिले. झालं! तात्या म्हणाले, "फॉर्म घेऊन एकेकानं पुढं या." मुख्याध्यापकांचा आवाज तो, सर्जेरावसुद्धा रांगेत! तात्यांनी पहिला फॉर्म डोळ्यापाशी नेला, अगदी पापणीला टेकेस्तोवर. "नाव, शमशुद्दीन अब्दुल मोकाशी." थांबले. मी डोळे मिटले. "गोत्र, माहीत नाही. कुलदैवत..." परत थांबले. "घराण्यातील उल्लेखनीय व्यक्ती. आमचे वालिद. एकसष्टच्या पुरात ट्रकच्या टायरची ट्यूब घेऊन एकोणीस माणसं पाण्यातून काढली. विसाव्याला गेले, ते आले नाहीत."

तात्यांनी फॉर्म खाली केला. मला म्हणाले, "श्याम, आपल्या चारशे पानांत उल्लेखनीय कोण आहेत?" मी मनात मोजलं. दोन मुख्याध्यापक, एक उपअभियंता, आणि एका काकांना मॅट्रिकला संस्कृतात नव्वद! तात्यांनी विचारलं, "शमशुद्दीन, हे कुठं लिहून ठेवलंय?" ते म्हणाले, "कुठं लिहिणार साहेब? आम्हालाच ठाऊक." तात्या म्हणाले, "बसा इथं. वडिलांचं पूर्ण नाव सांगा." आणि पेन काढलं!

मग सर्जेराव. उल्लेखनीय व्यक्ती, आई. बहात्तरच्या दुष्काळात ह्या तुळजाबाईंनी घरची विहीर गावाला खुली केली, सगळ्या गावाला, कोण कुठल्या आळीचा हे न विचारता, आणि कुणी आडवं येऊ नये म्हणून पाच महिने स्वतः रहाटापाशी निजल्या! तात्या उठले आणि त्या बाईंना नमस्कार केला. वाकून! आमच्या तात्यांनी! ज्यांनी शिक्षणाधिकाऱ्याला कधी मान लववली नाही! अहो, माझे डोळे भरून आले, ते मी श्रीखंड तिखट आहे म्हणून पुसले.

पंगती उठल्या, ऊस खाऊन झाला, चार वाजले, तरी तात्या लिहिताहेत. शेवटी मला राहवेना. कानाशी लागलो. "तात्या, मला माफ करा. थोरली पाती आलेली नाही. आणि ही माणसं... आपली नाहीत हो." तात्या वर न बघता म्हणाले, "माझे डोळे गेले नाहीत अजून. चौदावं पान काढ."

काढलं. वाचलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा! माझे पणजोबा, विश्वनाथपंत मोकाशी. वयाच्या नवव्या वर्षी धाकट्या पातीतल्या निपुत्रिक बाईंनी दत्तक घेतले. जन्मनाव... विश्वनाथ खांबेटे!

म्हटलं, "तात्या, म्हणजे रक्तानं आपण..." "खांबेटे." "आणि रक्ताचे मोकाशी?" "कोथरूडला. दुपारची झोप काढत असतील." म्हणजे बघा! शंभर मोकाशी श्रीखंड-पुरी खाऊन तृप्त, आणि हॉलमध्ये आमच्या कुळातला रक्ताचा मोकाशी एकही नाही! ज्याला-त्याला मनात गोत्र विचारत हिंडणारा मी, मी तरी कोण? नातं? काही नाही! आडनाव तेवढं मोकाशी!

तात्यांनी मग टोपी नीट केली, उभे राहिले आणि सगळा हॉल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघून घेतला. सावकाश. एकेक तोंड. म्हणाले, "श्याम, सगळे मोकाशी बघून झाले. भरपूर आहेत."

दिवाळीत डोळे गेले तात्यांचे. पण खंड दुसरा झाला, अहो! तात्या सांगायचे, मी लिहायचो. काही अडलं की शमशुद्दीनभाई नाहीतर सर्जेराव दारात हजर. आजही रविवारी आमच्याकडे चपला ठेवायला जागा नसते, आणि दिगंबरनं अजून फोन उचललेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग, कुरकुर कसली? कुरकुर ही, की परवा शालूनं जुनी डिरेक्टरी आणून माझ्यापुढं ठेवली, 'ख'चं पान उघडून. म्हणाली, "खांबेटे अकरा आहेत. जावक रजिस्टर काढू का?" काढलंय, काय करता! अकरा पत्रं लिहून तयार आहेत, सूचना क्रमांक दोन गाळली, पण पेटीत टाकायला हात होत नाही. कारण उद्या एखाद्या खांबेट्यानं दाराची साखळी न काढता विचारलं, "आपण कोण?" तर मी सांगू काय? सांगावं लागणार, अहो, नातं सगळं आहे, अगदी रक्ताचं आहे... आडनाव तेवढं मोकाशी!