सासू आत, जावई बाहेर

(मसाका, युगांडा. चर्चमागच्या सभागृहात शनिवारचा स्वयंपाकवर्ग चालू आहे. इथे प्रत्येक मुलाच्या जोडीला एक म्हातारं माणूस असतं. बाकीच्या जोड्या अंगणात चुलीपाशी. आत नासुना नावाची शाळकरी मुलगी आणि तिची आजी. आजीला ती जज्जा म्हणते. रस्त्याकडच्या दाराबाहेर नासुनाचे वडील, मुबीरू, नुकतेच येऊन उभे राहिले आहेत.)

जज्जा : हं, फाडलंस पुन्हा. केळीचं पान आहे ते, शाळेचं दप्तर नव्हे. आधी धुरावर धरावं, मऊ पडू द्यावं, मग गुंडाळावं.

नासुना : धरलं होतं गं.

जज्जा : नुसतं दाखवलंस विस्तवाला. तुझ्या आईलाही असाच दम नसायचा. दे इकडे. कोंबडी मधोमध, वर शेंगदाण्याचा रस्सा, आणि आता केळीच्या सोपटाची दोरी. डावीकडून दुहेरी वेढा.

नासुना : बाकीच्या आज्या एकच वेढा घेतात.

जज्जा : म्हणून त्यांच्या पुड्या उकडताना गळतात. घरी पोचेपर्यंत नुसतं पान उरतं.

मुबीरू : नासुना, बाहेर ये.

नासुना : बाबा? आत या ना. आम्ही दोघीच आहोत इथे.

मुबीरू : मी आत येणार नाही. पिशवी घे आणि चल.

जज्जा : आधी ते दार लोट पोरी. त्यांना माझं तोंड दिसता कामा नये.

नासुना : का?

जज्जा : जावई आहेत ते माझे. सासूनं जावयासमोर यायचं नसतं, एका छपराखाली बसायचं नसतं. बसलं तर हात थरथरायचा रोग लागतो घराला. लेकरंबाळंही त्यातून सुटत नाहीत.

मुबीरू : त्यांना विचार, शिकवायला गावात दुसरं पोर नव्हतं का?

नासुना : जज्जा, बाबा विचारतायत की...

जज्जा : ऐकलं. कान शाबूत आहेत माझे. त्यांना सांग, जोड्या वर्गाच्या बाईंनी लावल्या. तुझं नाव ऐकलं तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणवलं नाही.

मुबीरू : गेल्या शनिवारी पुडी घरी आली. उघडलीही नव्हती मी, गाठ बघूनच हात थांबला. नाकायिझा अशीच बांधायची. सांग त्यांना, माझ्या मेलेल्या बायकोची गाठ मला माझ्या ताटाशी नको. आजपासून वर्ग बंद.

नासुना : हे मी नाही सांगणार.

जज्जा : नको सांगूस. शनिवारी घटकाभर ही पोर मिळते, त्यावर माझा आठवडा निघतो. शेजारच्या गावात राहून सात वर्षं मी हिला मांडीवर घेतलं नाही. त्यांना म्हणावं, राग माझ्यावर काढा, हे तोडू नका.

मुबीरू : राग? नाकायिझा तापानं फणफणली होती. डोळे उघडले की एकच, आई आली का. आणि आई अंगणात, फणसाखाली चटई टाकून बसलेली. खिडकीतून पाठ दिसायची त्यांची. मी काय सांगणार तिला? येतेय म्हणायचो. शेवटपर्यंत तेच म्हणालो, येतेय.

नासुना : जज्जा, तू आत का नाही गेलीस?

जज्जा : कशी जाणार? तुझे बाबा खाटेला चिकटलेले. वाटायचं, आता उठतील, पाण्याला जातील, लाकडं आणतील. उठले की मी शिरेन, तिच्या तोंडावरून हात फिरवीन. ते उठलेच नाहीत. त्यांच्यासमोर गेले असते आणि तो रोग तिच्यावरच उलटला असता तर? लेक आधीच अंथरुणाला खिळलेली. कुठल्या आईचा पाय उचलेल?

मुबीरू : उठलो तर मी नसताना जीव सोडेल ती, असं वाटायचं मला.

जज्जा : तेवढ्यासाठी बसला होतात तुम्ही?

मुबीरू : आणखी कशासाठी बसणार माणूस?

जज्जा : मला वाटलं, मला आत येऊ द्यायचं नाही म्हणून. लग्न ठरताना मी तुम्हाला नावं ठेवली होती. म्हटलं, त्याचं उट्टं काढतायत. सात वर्षं हेच उराशी धरून बसले. जळो माझी अक्कल.

मुबीरू : आणि मी म्हणायचो, बाईला लेकीपेक्षा रीत मोठी.

जज्जा : रीत पाळली आणि लेक गेली. हात थरथरायचे ते थरथरतातच. दोरी आवळताना ही पोर धरते, म्हणून गाठ बसते.

नासुना : खरंच बाबा. मी धरते.

मुबीरू : मागच्या दारानं जरा बाहेर गेलो असतो. एवढंच तर करायचं होतं.

जज्जा : आणि मला एवढंच म्हणायचं होतं, जावईबापू, जरा बाहेर व्हा. शेजारणीकडून निरोप धाडायची लाज वाटली. गावभर झालं असतं, सासूला जावई घरात घेत नाही म्हणून.

मुबीरू : नासुना, पुडी झाली का?

नासुना : उकडायची आहे. ऊन कलेपर्यंत लागेल.

मुबीरू : मग मी कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबतो. घाई करू नका. आणि पुढच्या शनिवारी पानं आपल्या बागेतली ने, इथली निबर असतात.

नासुना : म्हणजे मी यायचं?

जज्जा : जास्त विचारू नकोस. हो म्हण आणि गप्प राहा.

नासुना : हो. पण बाबा, आत्ता तुम्ही दोघं बोललात ना, मधे मी होते म्हणून. तेव्हा निरोप सांगायला घरातलं कुणीच नव्हतं का?

मुबीरू : होतीस ना तू. आईच्या कुशीत. अजून बोलायला लागली नव्हतीस.