टोकावरची टोपी

थोरला: नाही येत म्हणजे नाही येत आवाज. भर खोक्यात आणि घे म्हणावं त्याला परत.

आई: अरे, आत्ता तर लावलास साउंडबार. जरा दम धर की.

थोरला: आई, पंचवीस वर्षं दुकानात लोकांचे टीव्ही-स्पीकर दुरुस्त करतोय. ह्या फळकुटापुढे काय दम धरायचा? पीसच खराब आहे.

आई: फळकुट काय म्हणतोस! समोरच्या बाई सकाळी बघून गेल्या. किती सुबक आहे हो, म्हणाल्या.

थोरला: आणि तू लगेच सांगितलंस, माझ्या धाकट्याने पाठवलाय! लिफ्टमध्ये दोघांना सांगितलंस. दूधवाल्याला सांगितलंस. मी हा लाकडी स्पीकर केला, तेव्हा दूधवाल्याला दाखवला होतास?

आई: तेव्हा दूधवाला दुसरा होता.

थोरला: हसण्यावारी नेऊ नकोस. बाबा गेले त्या वर्षी केलाय तो. तू कुणाशी बोलत नव्हतीस. म्हटलं, घरात निदान टीव्ही तरी खणखणीत बोलू दे. फळ्या मी कापल्या, मी घासल्या, पुढची जाळी रात्र रात्र बसून मी ताणली. चौदा वर्षं टीव्हीशेजारी उभा आहे बिचारा. आता हे चालू झालं की त्याने कुठे जायचं? माळ्यावर?

आई: माळ्यावर कशाला? त्याच्यावर फुलदाणी ठेवू.

थोरला: फुलदाणी! वा! हेच ऐकायचं राहिलं होतं. आणि फोन उचल आधी, वाजतोय कधीचा.

आई: कुठे?

थोरला: तुझ्या मांडीवर! त्याचाच असणार. आण इकडे, स्पीकरवर टाकतो.

धाकटा: काय दादा, लागला का साउंडबार?

थोरला: नाही लागला. खराब पाठवलायस.

धाकटा: असं कसं? दुकानात लावून दाखवला होता मला. एचडीएमआयने जोडलास ना?

थोरला: ह्या टीव्हीच्या एचडीएमआयमधून आवाज बाहेर येत नाही. जुना आहे टीव्ही. ऑप्टिकलने जोडलाय, त्या बारीक काळ्या वायरीने.

धाकटा: हां. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन...

थोरला: केलं.

धाकटा: आणि साउंडबारच्या रिमोटवर...

थोरला: केलं रे बाबा! आता तू मला शिकवणार? तुला सायकलची चेन बसवता येत नव्हती. माझ्याकडे रडत यायचास.

धाकटा: चिडू नकोस ना. एकच बघ. वायरीचं टीव्हीकडचं टोक तसंच ठेव, साउंडबारकडचं बाहेर काढ. टोकातून लाल उजेड येतोय का?

थोरला: नाही.

धाकटा: नीट बघितलंस?

थोरला: नाही म्हटलं ना. ठार काळोख.

धाकटा: त्या टोकांवर प्लास्टिकच्या इवल्याशा टोप्या असतात, त्या काढल्यास ना? टोपी राहिली की वायर आत बसत नाही नीट.

थोरला: मला? मला टोप्या सांगतोस तू?

धाकटा: बरं, चुकलं. वायर गेली असेल. दुसरी पाठवतो मी. आई, हिरमुसू नकोस हं, चार दिवसांचा प्रश्न आहे.

आई: जेवलास का रे?

धाकटा: जेवलो गं. दादा, तुझं मात्र बरं आहे. रोज तिच्या शेजारी बसून मालिका बघतोस. मला खोकी पाठवण्यापलीकडे काही जमत नाही. चल, ठेवतो.

थोरला: ऐकलंस? इकडे खोकं पाठवून मिरवायचं आणि वर माझंच बरं आहे म्हणायचं!

आई: ठेवला त्याने?

थोरला: ठेवला.

आई: मग आता ती टोपी काढ.

थोरला: कसली टोपी?

आई: वायरीची. लाल उजेड बघितलास, टोपी परत चढवलीस आणि तशीच खुपसलीस आत. एकदा नाही, दोनदा. मी इथेच बसलेय. कान गेले असतील माझे, डोळे शाबूत आहेत.

थोरला: तसं नाही गं, ती चुकून... कान गेले म्हणजे?

आई: काही नाही. टोपी काढ.

थोरला: आई, इकडे बघ. कान गेले म्हणजे काय?

आई: म्हणजे तू असा समोर तोंड करून बोललास की कळतं. टीव्हीतल्यांचं नाही कळत. आवाज येतो, शब्द लागत नाहीत. तोंडात घास धरून बोलताहेत सगळे, असं वाटतं. वर्ष होऊन गेलं.

थोरला: वर्ष? अगं, रोज सातला आपण मालिका बघतो. तू हसतेस. माझ्यापेक्षा जास्त हसतेस!

आई: तू हसलास की हसते.

थोरला: आणि हे... त्याला माहीत आहे?

आई: मीच सांगितलं. साउंडबारही मीच मागितला. माणसांचं बोलणं तेवढं मोठं करायचं बटण असतं म्हणाला त्यात.

थोरला: त्याला सांगितलंस. वर्षातून चार दिवस उगवणाऱ्याला. तुझ्या गोळ्यांच्या वेळा मला पाठ. चष्म्याचा नंबर मला पाठ. कुठला गुडघा कधी दुखतो ते मला पाठ. आणि कान गेले ते त्याला! साउंडबारचं सोड गं. मिरव हवा तेवढा, दूधवाल्याला आत बोलावून दाखव. पण हे आधी मला सांगायचं होतंस. जळतो मी त्याच्यावर, घे, सांगून टाकतो. लहानपणापासून जळतो. त्याला ताप आला की तू उशाशी बसायचीस. मला आला की, तू शहाणा आहेस ना, झोप बघू!

आई: होतासच तू शहाणा. आता मला सांग, तुला सांगितलं असतं तर काय केलं असतंस?

थोरला: काय म्हणजे? स्पीकर उघडला असता.

आई: तेच. दुकान सोडून इथे फतकल मारून बसला असतास. हे बदल, ते बदल. दर खेपेला विचारलं असतंस, आता येतंय ऐकू? आणि तुझं तोंड बघून मला दर खेपेला हो म्हणावं लागलं असतं. तुझ्या हातात खोट नाही रे. माझ्या कानात आहे. त्याला सांगणं सोपं होतं. त्याने कुठे माझ्यासाठी स्पीकर केला होता?

थोरला: उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. मी नेणार. त्याला सांगायचं नाही.

आई: सांगणार मी.

थोरला: बरं, सांग. पण आल्यावर.

आई: टोपी.

थोरला: काढली. ही घे, तुझ्याकडेच ठेव. माझा काही भरवसा नाही.

आई: आणि त्याला कळव, नवी वायर नको म्हणून.

थोरला: काय कळवू? टोपी काढायला विसरलो म्हणून? जन्मभर चिडवेल तो मला. एवढा मेकॅनिक आणि टोपी विसरला!

आई: मग मुद्दाम ठेवली होती म्हणून सांग.

थोरला: ...विसरलो म्हणूनच सांगतो.

आई: ते बोलण्याचं बटण कुठलं?

थोरला: हे, मधलं. दाबलं बघ. कालचाच भाग पुन्हा लागलाय, तुझ्या त्या खडूस सासऱ्याचा.

(दोघे टीव्हीसमोर बसतात. थोरला टीव्हीकडे न बघता आईकडे बघत राहतो. आई एकदम खळखळून हसते.)

थोरला: काय झालं?

आई: ऐकलं नाहीस, सासरा काय म्हणाला ते?

थोरला: नाही गं. काय म्हणाला?