उजवीकडील पांढरी गाडी

श्याम : म्हंजे मोतीबिंदू नाई?

रामराव : नाही. माझ्या वयाच्या मानाने माझी दृष्टी उत्तम आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले.

श्याम : पडद्याचं काही?

रामराव : पडदाही निर्दोष आहे.

रागिणी : अहो, मी आतच होते ना. तिसऱ्यांदा विचारून राहिले तुम्ही. शेवटची बारीक ओळ मामाजींनी न अडखळता वाचली. वरून डॉक्टरांना म्हणाले, छपाई सुबक आहे.

[अकोल्याच्या जठारपेठेतील नेत्रतज्ज्ञांकडून निघालेली ही तिघे अमरावतीच्या मार्गाला लागलेली आहेत. गाडी श्याम चालवीत आहे. त्याच्या शेजारी त्याचे वडील रामराव, डोळ्यांत थेंब घातल्यामुळे काळा चष्मा लावून बसले आहेत. मागील आसनावर श्यामची पत्नी रागिणी आहे; ती सासऱ्यांना मामाजी म्हणते.]

श्याम : मंग सांगा बाबा. डोळे चांगले हाय, तर त्या दिवशी शर्यतीत तुमाले दिसलं काय?

रामराव : गाडी दिसली. म्हणूनच 'उजवीकडे गाडी' असे मी रेडिओवर म्हणालो.

श्याम : माह्या मांगं करिश्मा होती, तिच्या गाडीले समोरून कॅमेरा हाय. तिनं रेकॉर्डिंग पाठवलं. माह्या उजवीकडं रिकामा मुरूम हाय. तिथं कोंबडी बी नाई.

रागिणी : आणि खाली लिहिलं, 'श्यामदादा, तुम्ही पुढे होता, अॅक्सिलरेटरवरून पाय का उचलला?' जिंकलेली पोरगी हरलेल्याला विचारते आणि हरलेल्यापाशी उत्तर नाही.

श्याम : उत्तर हाय. वळनातून निंगताना गाडी उजवीकडं सोडा लागते. तिथं दुसरी गाडी असली, का सोडता येत नाई, पाय उचला लागते. माही मान पट्ट्यात आवळलेली, वरून हेल्मेट. मले बाजूचं दिसत नाई. मचानावरून बाबा म्हनतीन ते खरं.

रामराव : हे मला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बारा वर्षे मी शर्यतीच्या मैदानाकाठी त्या मचाणावर रेडिओ घेऊन उभा आहे.

श्याम : एकदा झालं असतं तर मी बोललो नसतो. या हंगामात चार वेळा झालं. चारी रेकॉर्डिंग पायले मी. चारी वेळा उजवीकडं कोनीच नाई. चारी वेळा मी पाय उचलला अन् दुसरा आलो.

रामराव : चार वेळा?

श्याम : तुमाले मालूम नाई?

रामराव : मला ठाऊक होते असेही म्हणता येत नाही आणि नव्हते असेही म्हणता येत नाही. हे उत्तर विचित्र वाटेल, परंतु याहून खरे उत्तर माझ्यापाशी नाही.

रागिणी : मामाजी, पाणी देऊ का?

रामराव : नको, सूनबाई. मला प्रकाश फार लागतो आहे, एवढेच. रस्ता सगळा वितळल्यासारखा दिसतो.

श्याम : रविवारी अकोल्याले शेवटची शर्यत हाय. कोइमतूरच्या टीमचा मानूस येऊन राहिला. तो पयल्या नंबराले घेऊन जाईन, दुसऱ्याले फोटो काढून देईन. मी चौतीस वर्साचा झालो. पुढच्या वर्सी मले पाहाले कोनी येनार नाई.

रामराव : ते मी जाणतो. तू तुझ्या काकांची जीप परतवाडा ते चांदूर बाजार चालवीत होतास, तेव्हापासूनचे सर्व मी जाणतो. जुन्या मारुतीच्या सीटा काढून तिच्यात लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला, तेव्हा वेल्डिंगवाल्यापाशी मीच उभा होतो. तुझ्या एकसष्ट शर्यतींच्या प्रत्येक फेरीचा वेळ माझ्या वहीत नोंदलेला आहे.

श्याम : वहीचं नाव काढू नका. पयल्या वर्सी रेडिओवर तुमी काय बोलत होते, आठवते? 'श्याम, तुझ्या उजव्या अंगास एक वाहन वेगाने येत आहे.' तुमचं वाक्य संपेलोक वाहन पुढं निंगून जाये.

रागिणी : आणि नारायणभाऊ हातातला पाना खाली ठेवून हसत बसायचे. मेकॅनिकच हसत असल्यावर गाडी कोण पाहणार?

रामराव : त्यानंतर मी दोनच शब्दांवर आलो. वाचनालयात शिपाई म्हणून तीस वर्षे पुस्तके पुसली. त्या संगतीने जी भाषा अंगी आली, ती तुझ्यासाठी मी दोन शब्दांवर आणली.

श्याम : मंग त्या दोन शब्दांत खोटं बोलले काय? मी कोइमतूरले जाऊ नये म्हनून?

रागिणी : अहो, काहीही काय विचारता?

रामराव : विचारू दे त्याला. हा प्रश्न मी स्वतःसही विचारला आहे. परवा पूर्ण एक दिवस मी त्याचा विचार केला. तू जावेस असे मला वाटते. तू जाऊ नयेस असेही मला वाटते. परंतु मचाणावर असताना यांपैकी काहीच माझ्या मनात नसते. तिथे फक्त धूळ असते आणि त्या धुळीतून ती गाडी येते.

श्याम : कोनत्या रंगाची?

रामराव : पांढरी.

श्याम : चारी वेळा?

रामराव : चारही वेळा.

श्याम : नंबर?

रामराव : धुळीमुळे दिसला नाही.

श्याम : बाबा, या हंगामात पांढरी गाडी कोनाचीच नाई. लाल करिश्माची, माही निळी, बाकी हिरव्या-पिवळ्या. पांढरी नाई.

रागिणी : गेल्या वर्षी होती. चांदूर बाजारला.

श्याम : ते मले नको सांगू. माह्या दोन बरगड्या मोडल्या तिनं.

रागिणी : तीन. तीन दिवस तुम्हाला शुद्ध नव्हती, म्हणून तुम्ही दोनच मोजता. ती पांढरी होती, एवढंच सांगून राहिले.

रामराव : श्याम, गाडी जरा बाजूस घे.

श्याम : काहून? उलटी होऊन राहिली काय?

रामराव : नाही. मला बोलायचे आहे.

श्याम : मूर्तिजापूरच्या अलीकडं थांबाले जागा नाई. बोला असेच.

रामराव : बरे. चांदूर बाजारच्या त्या शर्यतीत सातव्या फेरीस तू जो वेळ नोंदवलास, तो तुझ्या सर्व आयुष्यातील सर्वोत्तम वेळ होता. एकवीस पूर्णांक चार सेकंद. घड्याळ मी दोनदा पाहिले. घाईने लिहिले तर अक्षर बिघडेल, असे मला वाटले. तो आकडा सुवाच्य असावा, पुढे कोणी ती वही उघडली तर त्यास तो नीट वाचता यावा, असे मला वाटले. म्हणून मी वही गुडघ्यावर घेतली आणि खाली पाहून लिहू लागलो.

श्याम : मंग?

रामराव : मग रेडिओवर तुझा आवाज आला. 'बाबा, उजवीकडं?' आणि मी मान वर न करता म्हणालो, 'उजवीकडे मोकळे.'

श्याम : तुमी म्हनले?

रामराव : मी म्हणालो. मी पाहिले नव्हते. दर वेळी मोकळेच असते, म्हणून म्हणालो. पूर्णांकाच्या पुढचा चार लिहीत होतो, तेव्हा आवाज झाला.

रागिणी : मामाजी, हे तुम्ही कोणालाच सांगितलं नाही?

रामराव : कोणालाच नाही.

श्याम : मले त्या टायमाचं काहीच आठवत नाई. मी साऱ्याइले सांगतलं, चूक माही हाय, बाबाचं न आयकता मी गाडी बाहेर काढली. पेपरवाल्याले सांगतलं. नारायनले सांगतलं. ती पांढरी गाडी चालवनारा रडत दवाखान्यात आला, त्याले म्या सांगतलं, भाऊ, तुही चूक नाई. अन् तुमी तिथंच बसले होते. केळं सोलून राहिले होते.

रामराव : केळे मी सोलत होतो, हे खरे आहे.

श्याम : तवापासून तुमी काही म्हनलं का मी पाय उचलतो. मनात येते, मांगं आयकलं नाई तर बरगड्या मोडल्या. म्हनून तपासत नाई, विचारत नाई. मले वाटे, मी आता भेकाड झालो. रोज रात्री वाटे.

रागिणी : म्हणून झोपेत पाय झटकायचे तुम्ही? मला वाटलं, गोळ्यांमुळे.

रामराव : मला क्षमा करावीस, असे मी म्हणत नाही. मला ती मागता येणार नाही. मी फक्त सांगितले.

श्याम : मले राग यायला पायजे. पन येऊन नाई राहिला. बरं वाटून राहिलं, अन् काहून बरं वाटून राहिलं तेई समजत नाई.

रागिणी : मी एक बोलू? राग येईल तुम्हा दोघांना.

श्याम : तू नाई बोलली तरी येईन. बोल.

रागिणी : मला ती पांढरी गाडी बरी वाटते. ती दिसली त्या चारही दिवशी तुम्ही आपल्या पायांनी घरी आले. दुसऱ्या नंबराचे कप कपाटात उभे आहेत, तुम्ही दारात उभे. मी देवाला हात जोडले, तुमच्या हरण्यासाठी. आता तुम्ही दोघं मिळून ती गाडी काढून टाकणार, तर मी खूश व्हावं का रडावं, सांगा.

श्याम : हे बी तू आता सांगून राहिली?

रागिणी : आज सगळेच सांगून राहिले, मी काहून मागे राहू?

रामराव : मी मचाण सोडतो. रविवारी नारायण उभा राहील. त्याची दृष्टीही चांगली आहे आणि त्याच्यापाशी वही नाही.

श्याम : नारायनले परवा सरावाले उभं केलतं. तो 'मोकळं' म्हने, अन् तुमचा आवाज येते काय म्हनून मी अर्धा सेकंद थांबे. अर्ध्या सेकंदात तर करिश्मा चहा पिऊन येईन.

रामराव : म्हणजे माझ्यासह तू हरतोस आणि माझ्यावाचूनही हरतोस.

श्याम : असंच झालं.

रामराव : मग मी काय करावे? मी ती गाडी मुद्दाम आणत नाही. डोळे मिटून उघडले तरी ती असते. तू 'बाबा, उजवीकडं?' असे विचारतोस आणि ती येते.

श्याम : असं करा. गाडी दिसली तर तिचा रंग सांगा. 'उजवीकडे लाल.' 'उजवीकडे हिरवी.' पांढरी दिसली तरी सांगा, मनात ठेवू नका. पांढरीले मी पाय उचलनार नाई.

रामराव : तुझी योजना चांगली आहे. परंतु शेवटच्या फेऱ्यांमध्ये मुरमाची धूळ बसून सर्वच गाड्या पांढुरक्या होतात. करिश्माची लाल गाडीसुद्धा.

श्याम : मालूम हाय मले.

रामराव : मग माझ्या तोंडून 'पांढरी' निघाले आणि ती करिश्मा असली, तर?

श्याम : तर धडक बसन.

रागिणी : आणि याला ठरलं म्हणायचं?

श्याम : ठरलं नाई. रविवार येईन तवा येईन.

रामराव : श्याम, एवढी मोठी गोष्ट तू इतक्या सहजपणे कशी बोलतोस?

श्याम : सहज नाई बाबा. गाडी हाती हाय, म्हनून समोर पाहून बोलून राहिलो.