श्रीधररावांचा चुकलेला शब्द

मंडळी, एवढ्या थंडीत कामं टाकून तुम्ही या हॉलमध्ये आलात. श्रीधररावांबद्दल मला बोलायला सांगितलंय. कॅज्युअल्टीत इतकी वर्षं वाईट बातम्या मीच दिल्या, तरी आज जमेल की नाही, माहीत नाही. सांभाळून घ्या.

श्रीधरराव आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. तरुणपणी शिकायला चार वर्षं बेलग्रेडला राहिलेले. सर्बियन येणारा कॉव्हेंट्रीत आम्हाला माहीत असलेला हा एकच माणूस. म्हणून तिकडच्या लढाईतून पळून आलेलं कुणी आमच्याकडे आलं की लॅबला फोन जायचा, श्रीधररावांना खाली पाठवा.

त्या दिवशी फोन मीच केला होता. मिलेनाबाईंचा मुलगा रिंग रोडवर लॉरीखाली सापडला होता. मी नेहमीचं वाक्य बोलले, "आय ॲम सो सॉरी, युवर सन वॉज किल्ड इन ॲन ॲक्सिडेंट." श्रीधररावांनी शब्दाला शब्द लावला. 'उबियेन' म्हणाले. म्हणजे मारला, कोणीतरी मारला. मिलेनाबाईंनी लगेच विचारलं, "को?" कोणी?

अहो, त्या बाई त्याच लढाईतून आल्या होत्या! दुसरं काय विचारणार?

अपघातात गेलेल्यासाठी त्या भाषेत वेगळा शब्द आहे. पोगिनुओ. श्रीधररावांना तो येत होता, ऐनवेळी तोंडात आला नाही. त्यांनी लगेच दुरुस्त केलं, हात जोडले. बाईंना वाटलं, हे आता झाकाझाकी करताहेत. पुढे कित्येक महिने त्या पोलिसांकडे जाऊन विचारत राहिल्या, कोणी?

मी म्हटलं, "श्रीधरराव, वाक्य माझं होतं. सोडा आता."

ते म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या इंग्रजीत खुनी नव्हता. तो मी आणला. परत न्यायलाही मीच हवा."

मग दर रविवारी ते बाईंच्या कौन्सिल फ्लॅटवर जायला लागले. कॉफी प्यायची, तेच पुन्हा सांगायचं, बाईंचं ऐकून घ्यायचं. चार वर्षं. एका रविवारी माझ्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "आज ती आपणहून पोगिनुओ म्हणाली." आणि रडले हो. मी म्हटलं, आत या, चहा टाकते. "नको, पुन्हा कधीतरी," म्हणाले आणि गेले. मीही आग्रह केला नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आपण काय केलं? गणपतीला त्यांना बोलावलं, खुर्च्या मांडायला. बाकी वर्षभर त्यांच्याकडे कोण गेलं? मी नाही गेले. तुम्ही गेलात?

शुक्रवारी ते घरी खुर्चीतच गेले. कळलं सोमवारी, लॅबमधलं कुणी बघायला गेलं तेव्हा. रविवारी मिलेनाबाई कॉफी करून वाट बघत बसल्या होत्या.

त्यांना सांगायला मी गेले. श्रीधररावांच्या टेबलावरची सर्बियन शब्दांची वही बरोबर नेली. या वेळी शब्द चुकवायचा नव्हता. तीनदा वाचला आणि म्हणाले, "उम्रो." आपल्या मरणाने गेला. बाईंनी मान हलवली. मग विचारलं, "साम?"

मला वाटलं, कोणा सॅमबद्दल विचारताहेत. म्हटलं, नो सॅम, नो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी वही उघडली. श्रीधररावांच्या बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. साम, म्हणजे 'मी आहे' मधला 'आहे'. साम, म्हणजे एकटा.

खोटं बोलवलं नाही. म्हटलं, "दा. साम." हो, एकटेच होते.

मंडळी, काळा स्कार्फ बांधून मागे बसल्यात त्या मिलेनाबाई. आपलं मराठी त्यांना कळत नाही, तरी मघापासून बसून आहेत. आपण सगळे इकडे दाटीवाटीने बसलोय आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या आहेत.

दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचंय. जागच्या जागी नको. उठा, त्यांच्याजवळ जाऊन उभे राहू.