ओठ मिटा जरा

— तसा नाही, हात हनुवटीला लावा. उजवा. हां, असा. आता बोलू नका हं, बोललात की गाल हलतो — मी बोलतो, तुम्ही ऐका, म्हणजे चेहरा आपोआप सैल पडतो, चाळीस वर्षांचा अनुभव आहे माझा. हात कशाला? डोळ्यांनीच विचारलंत, कळलं मला. अहो, पुस्तकाच्या मागे छापायचा फोटो ना हा, मग लेखिकेचा हात हनुवटीलाच हवा, बाई विचार करताहेत असं वाटलं पाहिजे. खरा विचार करणारा माणूस नाक खाजवत बसतो, पण तो फोटो छापणार कोण? वकील आला की मी त्याला ते जाडजूड पुस्तक देतो — ते, कोपऱ्यातलं — उघडायला जाऊ नका, उघडत नाही ते, आतून लाकडी ठोकळा आहे. कवी आला की खिडकीबाहेर बघतो. आता इथे खिडकी कुठाय? नाहीच. मग कपाटाकडे बघतात बिचारे, पण फोटोत अगदी क्षितिजाकडे बघितल्यासारखे येतात. नवरा-बायको आले की नवरा खुर्चीत, बायको मागे उभी, तिचा हात त्याच्या खांद्यावर. एकदा एक बाई म्हणाली, माझे गुडघे दुखतात, मी बसते. बसली. नवरा मागे उभा राहिला. फोटो न्यायला आले तर नवरा म्हणतो, यात मी हिचा कारकून दिसतोय. झालं, पुन्हा काढला. बाई गुडघे धरून उभी. — ओठ मिटा जरा. हसताय तुम्ही.

ही बघा तुमच्या प्रकाशकांची चिठ्ठी — ‘फोटो सौम्य असावा, दात दिसू नयेत.’ शहाणा माणूस. मला सांगायची गरज नव्हती खरं तर. पुरुषाचे दात दिसले तर तो दिलखुलास, बाईचे दिसले तर ती फाजील — हे मी नाही ठरवलं, माझे वडील याच धंद्यात होते, तेही हेच म्हणायचे. गल्लीतली पोरं मला ओठमिटा काका म्हणतात, म्हणेनात का. पुस्तक कशाबद्दल आहे? बोला, मी दिवा सरकवतोय तोवर बोलायला हरकत नाही. हं. — हं. — बाई घर सोडून जाते, अच्छा. आणि परत येते. नाही? येत कशी नाही? पुस्तकातल्या बायका शेवटी येतातच की. — प्रकाशकही तेच म्हणतात? शेवटचं प्रकरण बदला म्हणाले? बघा, म्हणजे तोही माझ्यासारखा टचअपवालाच निघाला. मी पुटकुळ्या काढतो, तो प्रकरणं काढतो. ऐका त्याचं. वाचणाऱ्यालाही बरं वाटायला हवं ना, त्यालाही घरदार आहे. आणि समजा येणार असली — समजा हं — तर किती दिवसांनी येईल अशी बाई? अकरा दिवस फार होतात का? नाही, सहज विचारलं, आकडा आपला तोंडात आला.

आमची हीसुद्धा बाहेरगावी गेलीय, भावाकडे. छे, भाऊ ठणठणीत आहे, त्याला काय धाड भरलीय. सहज गेलीय. त्या काउंटरवर बसते ती, म्हणून तर तुम्ही आलात तेव्हा मी पाव तास पावतीपुस्तक शोधत होतो. हो, अकरा दिवस झाले. आता विचारताच आहात तर सांगतो — विचारलं नाहीत? बरं, तरी सांगतो. गेल्या महिन्यात साठी झाली तिला. मला म्हणाली, माझा एक फोटो काढा, हसतानाचा. चौतीस वर्षांत तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही — म्हणजे मागितलं असेल, माझ्या लक्षात नाही. तर बसवली इथेच, तुमच्याच स्टुलावर. आणि हसली हो. अशी हसली की समोरचा शिंपी मशीन थांबवून दारात आला. तिच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, काडेपेटीतली काडी आरामात बसेल एवढी. फोटो झकास आला. मग मी बसलो कॉम्प्युटरवर. आता मला सांगा, चाळीस वर्षं हाताला एकच काम, डाग दिसला की पुसायचा — मी तिकडे बातम्या ऐकतोय आणि हात आपला चालू. फट भरली. डोळ्यांजवळच्या सुरकुत्या काढल्या. मग ओठ जरा जास्तच उघडे वाटले, ते आणले जवळ. मुद्दाम नाही हो, शपथ. फ्रेम करून, कागदात गुंडाळून दिला तिला. तिने उघडला, बघत राहिली बराच वेळ, मग म्हणते, छान आहे बाई, कोण आहे? मला वाटलं, चेष्टा करतेय. म्हटलं, माझी बायको. म्हणाली, मग सांभाळा तिला. आणि बॅग भरायला आत गेली.

हसा, हसा तुम्ही. शिंपीही हसला. मी दारात आडवा उभा राहिलो, म्हटलं, अगं एवढ्याशा फटीवरून कोणी घर सोडतं का? आणि तू तरी कधी दात दाखवून हसतेस? तोंडावर हात ठेवूनच तर हसतेस, सवयच आहे तुझी ती. तर ती थांबली. ओरडली असती तर परवडलं असतं, पण सावकाश म्हणाली, ‘सवय नाही ती. लग्नाच्या फोटोला तुम्हीच म्हणालात, ओठ मिटा जरा. पुन्हा उघडा म्हणून कोणी सांगितलंच नाही.’ आता बोला. मला आठवतही नव्हतं हो. दिवसातून वीस वेळा म्हणतो मी ते, त्यात तिला एकदा म्हणालो असेन. ती गेल्यावर घरातले सगळे फोटो काढून बसलो. मुलगा झाला तेव्हाचा, दुकान मोठं केलं तेव्हाचा, डोंगरावर गेलो होतो तेव्हाचा. एकाही फोटोत ती नाही — म्हणजे आहे, पण बँकेच्या फॉर्मवर चिकटवल्यासारखी आहे. या गल्लीच्या तीन पिढ्या माझ्या कपाटात आहेत, आणि घरच्या माणसाचं एक हसू नाही माझ्याजवळ. फार वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू. जेवलोसुद्धा नाही त्या दिवशी. तसं करून घालायलाही कोणी नव्हतं, ते सोडा.

मूळ फोटो? आहे की. मूळ मी कधीच उडवत नाही, धंद्याचा नियम आहे. कालच प्रिंट काढली, फटीसकट. ती काय, त्या ड्रॉवरमध्ये, पाकिटात. पाठवली कुठे? अहो, पाठवायची म्हणजे — मेहुणा काय म्हणेल? इतकी वर्षं त्याच्या घरी जावई म्हणून ताठ मानेने बसलेला माणूस, आता फोटो घेऊन बायकोमागे धावत आला. आणि दुकानाला कुलूप दिसलं की हा समोरचा शिंपी संध्याकाळपर्यंत गावभर करेल. कर्त्या माणसाने घरी थांबायचं असतं, रुसलेल्या बाईने चार दिवसांनी यायचं असतं, असंच असतं ना? म्हणून तर मघापासून विचारतोय, तुमची ती बाई परत येते का. — नाही म्हणजे नाहीच? तुम्हीही हट्टीच दिसता. बरं, एवढं तरी सांगा, तिला आणायला कोणी गेलं होतं का? — कोणीच नाही? नवरा काय करत होता? — वाट बघत होता. बसून. — खुर्चीत. — अहो, मग कशी येईल ती? तुम्ही एवढ्या शिकलेल्या, एका तरी प्रकरणात त्या ठोंब्याला खुर्चीतून उठवायचं होतंत की.

— घ्या. तुम्ही हसलात आणि माझं बोट पडलं बटणावर. बघा, वरचे सगळे दात आलेत, एक जरा तिरकाही आहे. हात हनुवटीला नाही, पोटावर आहे. नाही, दुसरा नाही काढत. पुसणारही नाही. प्रकाशकांना सांगा, फोटोवाला म्हातारा झालाय, चुकतं त्याचं हल्ली. आणि ते शेवटचं प्रकरण — मी कोण सांगणारा, पण नका बदलू. राहू दे तिला तिकडेच. बसून राहिलं की काय होतं ते कोणीतरी लिहायला हवं.

उठा आता. साडेपाचची गाडी आहे. कुठली म्हणजे काय, मेहुण्याच्या गावची. ती पिशवी द्या इकडे — ती नाही, कॅमेऱ्याची. पाकीट घेतलं. चष्मा घेतला. अजून बसलाय? उठा हो, स्टूल आत घ्यायचंय. तुमचा फोटो परवा न्या — परवा नको, पुढच्या आठवड्यात बघा, तिकडे मला किती दिवस दारात उभं करतात काय माहीत. किल्ली शिंप्याकडे ठेवा जाता जाता. विचारेलच तो, काका कुठे गेले म्हणून. सांगा, बायकोला आणायला गेले. नाही, थांबा. आणायला नाही. येतेस का, असं विचारायला गेले म्हणावं. आणि मोठ्याने सांगा, त्याचं मशीन चालू असतं.