होडी कुणी फोडली?

तडाला: पुन्हा सांग. काय झालं माझ्या दादाच्या होडीचं?

लिंबानी: फुटली.

तडाला: अगं बाई! आपणहून? खडकावर डोकं आपटून घेतलं तिनं?

लिंबानी: शाळा सुटली तुझी, बाईसाहेब. घरात तरी व्याकरण नको.

तडाला: घरातच हवं. आजपासून नियम पहिला: ह्या घरात वाक्याला कर्ता लागेल. नाहीतर ताटात मक्याचा न्सिमा वाढणार नाही.

लिंबानी: बरं, वाऱ्यानं फोडली.

तडाला: नियम दुसरा: हाक मारल्यावर जो ओ देत नाही, तो कर्ता नव्हे. वारा बाद. लाटा बाद.

लिंबानी: मग... माझ्याकडून फुटली.

तडाला: वा! पण 'कडून' म्हणजे दाराआडून डोकावणारा कर्ता. जरा पुढे ये.

लिंबानी: एक नियम माझाही घे. मेव्हणा जेवायला येणार असेल, त्या दिवशी कर्त्याला सुट्टी.

तडाला: होडीच्या राखणदाराला, झुझेकाकांना, दिलीच की दादानं सुट्टी. कायमची. म्हातारा घसा फोडून सांगतोय, 'दोर मी नीट बांधला होता.' कोण ऐकतंय?

लिंबानी: मी कुठे त्यांचं नाव घेतलं?

तडाला: नाहीच घेतलंस. तू जागा रिकामी सोडलीस, दादानं त्यांना तिथं बसवलं.

(तडालाचा थोरला भाऊ मावुतो दारात येतो.)

मावुतो: कसली खलबतं चाललीत?

तडाला: व्याकरण, दादा. बस.

मावुतो: तुमचं चालू द्या. भावोजी, होडी दुरुस्त करून घेतलीय, तिच्यावर नवा राखणदार हवाय. आहे कुणी भरवशाचा?

लिंबानी: झुझेकाका.

मावुतो: काय थट्टा करता! ज्यानं दोर सोडला, त्यालाच परत ठेवू?

लिंबानी: दोर तसा सोडला गेला, म्हणजे...

तडाला: दादा, मासा वाढू?

लिंबानी: थांब गं. दोर मी सोडला. दोस्तांना घेऊन सरोवरात मी गेलो, बिअर प्यालो, आणि होडी मीच खडकावर घातली.

मावुतो: आणि इतके दिवस माझ्यासमोर बसून जेवलात?

लिंबानी: जेवलो.

मावुतो: अख्ख्या किनाऱ्यासमोर मी त्याला नाही नाही ते बोललो, भावोजी!

लिंबानी: ठाऊक आहे. मी तिथंच उभा होतो.

मावुतो: ...बरं. निरोप धाडतो त्याला. म्हणावं, चूक झाली, उद्यापासून ये.

तडाला: कुणाची चूक झाली, दादा?

मावुतो: अगं, झाली म्हणजे... झाली.

लिंबानी: चला, उठा. आपण दोघं जाऊ.

मावुतो: दार उघडेल का तो?

तडाला: ते मला काय माहीत. जेवण झाकून ठेवते.