गोल घुमटात बोलायचं ते

द्वारका चौकातल्या थांब्यावर मोहिनी पुण्याच्या बसची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर दोघी जावा बसल्या होत्या. थोरलीच्या मांडीवर विजापूरच्या प्रवासाचं पुस्तक होतं, पण तिला घरी परत जायचं होतं. त्यांचं बोलणं कानावर आलं, तशी मोहिनीनं मोबाईलवरचं गाणं बंद केलं.

"रिक्षा बघ, सिंधू. मला नाय जायचं."

"आता, अक्का? बस येईल इतक्यात!"

"हे पुस्तक ते वाचायचे आन् मी ऐकायची. जायचं ते दोघांनी ठरवलेलं. आता ते गेले, मग मी एकटीनं काय बघू?"

"एकटी कुठं? मी हाय की."

"तुला नाय कळायचं. त्या गोल घुमटात भिंतीशी हळू बोललं तरी पार पलीकडं ऐकू येतं म्हणे. ते म्हणायचे, तू अलीकडं उभी राहा, मी पलीकडून बोलतो."

"काय बोलणार होते?"

"तेच सांगत नव्हते. तिथंच ऐक म्हणायचे."

सिंधू तिच्याकडं वळली.

"आन् तुम्हाला काय बोलायचं होतं, अक्का?"

"मला?"

"मग? सगळं त्यांनीच बोलायचं व्हय?"

थोरलीनं पुस्तकावरून हात फिरवला.

"लय हाय बोलायचं," ती हळूच म्हणाली.

विजापूरची बस समोर येऊन थांबली. थोरलीनं पुस्तक पिशवीत घातलं आणि तीच आधी उठली.

"चल. पण माझं बोलून होईस्तोवर तू पलीकडं फिरकायचं नाय. सांगून ठेवते."